पल्सव्ह्यूमध्ये तरंग दिसतात, पण डीकोडर वाचत नाही, तेव्हा काय तपासायचे

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर जीपीएसची माहिती फिश फाइंडरपर्यंत पोहोचत नाही. आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर जीपीएसच्या ‘ए’ तारेवर (माहिती नेणाऱ्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन तारांपैकी एकीवर) लावला. पल्सव्ह्यूमध्ये, म्हणजे अ‍ॅनालायझरने पकडलेला सिग्नल संगणकावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तरंग दिसतात, पण यूएआरटी (प्रत्येक अक्षर स्टार्ट बिट, डेटा बिट आणि स्टॉप बिट असे एकामागोमाग पाठवण्याची पद्धत) वाचणारा डीकोडर कधी रिकामा राहतो, तर कधी ओळीने ‘फ्रेम एरर’ (अक्षराचा सांगाडा जुळत नाही) दाखवतो. तोच अ‍ॅनालायझर बर्फ कारखान्यातल्या तापमान कंट्रोलरच्या आरएस-४८५ तारांवर लावला, तर मॉडबस (कारखान्यातली उपकरणे एकमेकांशी बोलण्याची पद्धत) डीकोडरची ओळ पूर्ण कोरी. डीकोडर बिघडला आहे का, सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे का?

डीकोडर बिघडलेला नाही, आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काहीही बदलणार नाही. सिगरॉकचे (पल्सव्ह्यू ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचे) डीकोडर म्हणजे पायथॉनमधले छोटे प्रोग्रॅम. समोर आलेले शून्य-एक ते सांगितलेल्या नियमाने वाचतात. आलेले शून्य-एक चुकीचे असतील किंवा सांगितलेला नियम चुकीचा असेल, तर उत्तरही चुकते. पण ते कसे चुकते यावरून दोष कुठल्या थरात आहे ते ओळखता येते. म्हणून तपासणी तारेपासून वर करत या: आधी जोडणी, मग सॅम्पल दर (सेकंदाला किती वेळा रेषा वाचायची), मग यूएआरटी आणि सगळ्यात शेवटी मॉडबस. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिली गोष्ट अ‍ॅनालायझर वाचवण्याची. या स्वस्त पेट्यांत सायप्रेसची एफएक्स२ चिप असते. तिला ३.३ किंवा ५ व्होल्टचे लॉजिक चालते, ०.८ व्होल्टच्या खाली शून्य, २ व्होल्टच्या वर एक. आरएस-४८५ च्या तारा जमिनीच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत जाऊ शकतात, आरएस-२३२ अधिक-उणे १५ पर्यंत. या तारांवर प्रोब थेट लावायचा नाही. शिवाय अ‍ॅनालायझरचे ग्राउंड यूएसबीमार्गे लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेले असते. नौकेवर १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी, अल्टरनेटर आणि खाऱ्या हवेने गंजलेले अर्थिंगचे जोड असतात. तिथे लॅपटॉप जेट्टीवरच्या चार्जरला लावून मोजमाप करू नका, बॅटरीवरच चालवा.

एनएमईए ०१८३ साठी, म्हणजे नौकेवरच्या जीपीएससारख्या उपकरणांच्या बोलण्याच्या पद्धतीसाठी, सगळ्यात बरा उपाय म्हणजे ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोहोचवून दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारी चिप). मानकाप्रमाणे बनलेल्या ऐकणाऱ्या उपकरणातही आत तोच असतो. ६एन१३८ घ्या. ‘ए’ तार १ किलोओहममधून पिन २ ला, ‘बी’ तार पिन ३ ला, आणि या दोन पिनांवर उलट दिशेने १एन४१४८ डायोड. पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ५ ग्राउंड, पिन ६ पासून ५ व्होल्टला २.२ किलोओहम, आणि पिन ६ वरच प्रोब. ४८०० बॉडला (सेकंदाला ४८०० बिट) हे आरामात चालते. एआयएसच्या (जवळच्या नौकांची ओळख आणि स्थान सांगणाऱ्या यंत्रणेच्या) ३८४०० बॉडला एक बिट फक्त २६ मायक्रोसेकंदांचा असतो. तिथे ६एन१३८ च्या कडा रेंगाळतात, म्हणून ६एन१३७ लावा. त्याच्या एलईडीला सुमारे ५ मिलिअँपिअर लागतात, तेव्हा मालिकेतला रोधही त्या हिशोबाने कमी करावा लागेल.

आता तुमच्या ‘ए’ तारेकडे. एनएमईएमध्ये रेषा शांत असताना, म्हणजे तर्कशास्त्रीय ‘एक’ असताना, ‘ए’ ही ‘बी’पेक्षा ऋण असते. त्यामुळे नुसत्या ‘ए’ तारेवर प्रोब ठेवला की सगळा सिग्नल उलटा दिसतो: शांत असताना खाली, डेटा येताना वर. यूएआरटी डीकोडरला शांत रेषा वर हवी असते. खाली बसलेली रेषा तो ‘ब्रेक’ समजतो आणि मध्येच कुठली तरी उतरती कडा स्टार्ट बिट धरून चालू लागतो. तुमच्या फ्रेम एररचे पहिले कारण बहुधा हेच. वर दिलेल्या ऑप्टो जोडणीत शांत असताना एलईडी बंद राहतो, आउटपुट वर राहते आणि ध्रुवता आपोआप सरळ होते. थेट प्रोबने घेतलेले जुने रेकॉर्डिंग हातात असेल तर ते फेकू नका. डीकोडरच्या पर्यायांत ‘इन्व्हर्ट आरएक्स’ला (येणारा सिग्नल उलटवून वाचणे) ‘यस’ करा आणि पुन्हा बघा.

इथे एक सापळा आहे. आरएस-४२२ च्या (एनएमईएच्या तारांच्या) मानकात ‘ए’ ही उलटी बाजू धरली आहे, पण आरएस-४८५ वाचणाऱ्या मॅक्स४८५ सारख्या चिपवर ‘ए’ ही सरळ बाजू आहे. एनएमईए वाचायला मॅक्स४८५ वापरलात तर जीपीएसची ‘ए’ चिपच्या ‘बी’ला जाते आणि जीपीएसची ‘बी’ चिपच्या ‘ए’ला. नावांवर विश्वास ठेवण्यापेक्षा शांत रेषा बघा: आरओ पिन (चिपचे आउटपुट) वर असेल तर जोडणी बरोबर, खाली असेल तर तारा अदलाबदल करा.

जोडणीचा विषय सोडण्याआधी जोड उघडून बघा. किनाऱ्यावर तांब्याच्या बारीक तारांच्या वायरीत खारट ओल आतपर्यंत चढते. वरून प्लास्टिक ठीक दिसते, पण सोलल्यावर तांबे काळे किंवा हिरवे निघते. अशा जोडाचा रोध वाढतो, व्होल्टेज पडते आणि सिग्नल ०.८ ते २ व्होल्टच्या मधल्या पट्ट्यात लोळत राहतो. लॉजिक अ‍ॅनालायझरला हे दाखवताच येत नाही. त्याच्याकडे शून्य आणि एक एवढेच. तरंगांची रुंदी विनाकारण कमीजास्त होत असेल तर मल्टिमीटर किंवा ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सॅम्पल दर आणि किती वेळ पकडायचे

डीकोडर कधी रिकामा, याचे उत्तर बहुतेक इथे सापडेल. पल्सव्ह्यूमध्ये १० लाख सॅम्पल आणि २४ मेगाहर्ट्झ ठेवले तर रेकॉर्डिंग होते फक्त सुमारे ४२ मिलिसेकंदांचे. जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदा बोलतो. ४८०० बॉडला सेकंदाला जास्तीत जास्त ४८० अक्षरे जातात. आरएमसी आणि जीजीए अशी स्थान सांगणारी दोन वाक्ये धरली तर मिळून सुमारे १४५ अक्षरे, म्हणजे ०.३ सेकंद बोलणे आणि उरलेला वेळ शांतता. ४२ मिलिसेकंदांची खिडकी बहुतेक वेळा त्या शांततेतच पडणार, आणि बोलण्यात पडली तरी अर्ध्या वाक्यात.

दर जास्त म्हणजे मोजमाप चांगले, ही समजूत सोडा. ४८०० बॉडचा एक बिट २०८ मायक्रोसेकंदांचा असतो. २०० किलोहर्ट्झला प्रत्येक बिटाचे जवळजवळ ४२ सॅम्पल मिळतात, एवढे भरपूर झाले. २० लाख सॅम्पल ठेवा, म्हणजे १० सेकंदांचे रेकॉर्डिंग होईल. ९६०० बॉडच्या मॉडबसला ५०० किलोहर्ट्झ, ३८४०० च्या एआयएसला १ मेगाहर्ट्झ. एका बिटाला दहाच्या खाली सॅम्पल जाऊ देऊ नका आणि पन्नासाच्या वर नेण्याची धडपडही करू नका. २४ मेगाहर्ट्झला अ‍ॅनालायझर यूएसबीवरून सेकंदाला २.४ कोटी बाइट ढकलत असतो. हब, लांब केबल किंवा जुना लॅपटॉप असला की रेकॉर्डिंग मध्येच थांबते. शिवाय इतक्या जलद दराने इंजिनाच्या विद्युत आवाजाचे (नॉइजचे) बारीक काटेही पकडले जातात आणि प्रत्येक काटा डीकोडरला स्टार्ट बिटासारखा वाटतो.

विंडोजवर अ‍ॅनालायझर सापडतच नसेल तर झॅडिग या प्रोग्रॅमने विनयूएसबी ड्रायव्हर दोनदा टाकावा लागू शकतो. पल्सव्ह्यू पहिल्यांदा चिपमध्ये फर्मवेअर भरतो, त्यानंतर तीच पेटी नव्या ओळखीने परत दिसते आणि त्या नव्या ओळखीला वेगळा ड्रायव्हर लागतो.

रेकॉर्डिंग मिळाले की लगेच एसआर फाइल म्हणून जपून ठेवा. डीकोडर साठवलेल्या डेटावरही तसाच चालतो, त्यामुळे नौकेवर पुन्हा चढायची गरज पडत नाही. सगळे प्रयोग घरी, पंख्याखाली बसून करा. एकाच चॅनेलवर यूएआरटी डीकोडर दोनदा लावून एकाला ४८०० आणि दुसऱ्याला ३८४०० दिले की दोन्ही वाचने एकाखाली एक दिसतात.

यूएआरटीची चूक काय सांगते

बॉड दर माहितीपत्रकातून घेऊ नका, तरंगातून मोजा. ‘सी’ कळ दाबली की कर्सर येतात. सगळ्यात अरुंद स्वच्छ खाच मोजा. २०८ मायक्रोसेकंद म्हणजे ४८००, १०४ म्हणजे ९६००, २६ म्हणजे ३८४००, ८.७ म्हणजे १,१५,२००. ‘गेस बिटरेट’ नावाचा डीकोडर हेच काम करतो, पण तो सगळ्यात अरुंद खाचेवर विसंबतो. रेषेवर एक जरी काटा असला तरी तो भलताच आकडा देईल. यूएआरटी डीकोडर लावल्यावर त्यात मुळात १,१५,२०० भरलेले असते, हेही विसरू नका.

चुकीच्या वाचनाच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि त्या पाठ कराव्यात इतक्या उपयोगी आहेत. डीकोडरचा दर खऱ्याच्या बरोबर दुप्पट ठेवला, तर प्रत्येक बिट दोनदा वाचला जातो. मग हेक्समध्ये बिनचूक दिसणारी अक्षरे फक्त ८०, ८६, ९८, ९ई, ई०, ई६, एफ८ आणि एफई एवढीच येतात, आणि बाकीच्यांवर फ्रेम एरर पडतो. असे आकडे दिसले की दर अर्धा करा. दरात चार-पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी अक्षराचे वरचे बिट बिघडतात, कारण यूएआरटी खालचा बिट आधी पाठवतो आणि चूक अक्षराच्या शेवटाकडे साठत जाते.

पॅरिटीची (चूक ओळखण्यासाठी जोडलेल्या जादा बिटाची) खूण वेगळी. उपकरण ८ई१ (८ डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट) आणि डीकोडर ८एन१ (पॅरिटी नाही) असेल तर अक्षरे बरोबर वाचली जातात, पण साधारण निम्म्यांवर फ्रेम एरर येतो, कारण पॅरिटी बिट शून्य आला की डीकोडर त्याला चुकलेला स्टॉप बिट समजतो. डेटा अर्थपूर्ण आणि तरी निम्मे लाल असेल, तर दुसरे काही तपासण्याआधी पॅरिटी ‘ईव्हन’ करा. ७ई१ ला ८एन१ म्हणून वाचले तर फ्रेम एरर नसतो, पण काही अक्षरांचा सर्वात वरचा बिट उगाच चढलेला दिसतो.

फ्रेम एरर कुठे पडला तेही बघा. अक्षराच्या शेवटी असेल तर दर, पॅरिटी किंवा ध्रुवता. शांत रेषेवर एकटाच, स्टार्ट बिटावर असेल, तर तो आवाजाचा काटा: उतरती कडा आली, पण बिटाच्या मध्यावर रेषा पुन्हा वर होती. इंजिन बंद करून पुन्हा रेकॉर्डिंग घ्या. काटे गेले तर वायरिंगचा मार्ग बदला. डीकोडरला हात लावू नका.

रेकॉर्डिंगची सुरुवात अक्षराच्या मध्येच झाली तर पहिले वाक्य विचित्र येणारच. अक्षरांमध्ये किमान एका अक्षराएवढी शांतता येईपर्यंत डीकोडरला खरा स्टार्ट बिट कळायला मार्ग नसतो. पहिला झुबका सोडा, दुसरा बघा.

सगळे जमले की फॉरमॅट ‘अ‍ॅस्की’ करा आणि आरएक्स पॅकेट डिलिमिटरमध्ये १० भरा. म्हणजे लाइन फीड आल्यावर ओळ पूर्ण होऊन सलग वाक्य दिसेल. वाक्य $ ने सुरू व्हायला हवे (एआयएसचे ! ने), शेवटी * आणि दोन हेक्स अंक. $ आणि * यांच्या मधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सऑर काढून त्या दोन अंकांशी जुळवा. तो जुळला की तार आणि डीकोडर दोन्ही निर्दोष, मग दोष फिश फाइंडरच्या सेटिंगमध्ये किंवा इनपुटमध्ये शोधायचा.

बंदीकाळात, १ जून ते ३१ जुलै, नौका ओढून वर घेतलेल्या असतात आणि दुरुस्त्या तेव्हाच निघतात. तेव्हा लक्षात ठेवा: पाण्याबाहेर खोली मोजणारे वाक्य, उदाहरणार्थ एसडीडीपीटी, रिकाम्या रकान्यांसह येऊ शकते, आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीऐवजी पत्र्याखाली ठेवलेल्या जीपीएसचे आरएमसी ‘ए’ (वैध) ऐवजी ‘व्ही’ (अवैध) दाखवते. वाक्य नीट वाचले गेले आहे, आत मोजमापच नाही, एवढाच त्याचा अर्थ. उपाय म्हणून डीकोडरचा दर बदलत बसू नका.

बर्फ कारखान्यातला मॉडबस

आधी वीज बंद करून आरएस-४८५ च्या दोन तारांमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहम असतील तर मीटर ६० च्या आसपास दाखवेल. १२० दिसले तर एका टोकाचा रोध नाही. ४० दिसले तर कुणीतरी तिसरा लावला आहे, आणि तो ‘कुणीतरी’ तुमचे मॅक्स४८५ मॉड्यूलच असण्याची शक्यता मोठी, कारण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलवर १२० ओहम आधीच बसवलेला असतो. ऐकण्यासाठी लावलेल्या मॉड्यूलवरचा तो रोध काढून टाका.

चिपची जोडणी: पिन २ आणि पिन ३ दोन्ही ग्राउंडला, म्हणजे चिप फक्त ऐकेल, चुकूनही बोलणार नाही. पिन ५ ग्राउंड, पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ६ आणि ७ बसला (म्हणजे आरएस-४८५ च्या दोन तारांना), आणि पिन १ म्हणजे आरओ अ‍ॅनालायझरला. कंट्रोलरचे ग्राउंड आणि मॉड्यूलचे ग्राउंड जोडा.

कुणीच बोलत नसताना बसवर २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी फरक असेल तर मॅक्स४८५ चे आउटपुट कुठे बसेल याची खात्री नसते. कॉम्प्रेसर सुरू झाला की ते थरथरते आणि डीकोडरला नसलेली अक्षरे दिसतात. फ्रेमच्या (मॉडबसच्या एका पूर्ण संदेशाच्या) आधी-नंतर कचरा आणि मध्ये स्वच्छ डेटा, ही बायस (शांत बसला ठरलेल्या पातळीवर धरणारे रोध) नसल्याची खूण. बसच्या एकाच ठिकाणी, बहुधा मास्टरजवळ (विचारणाऱ्या उपकरणाजवळ), सरळ तारेवरून ५ व्होल्टला आणि उलट तारेवरून ग्राउंडला ५६० ते ६८० ओहमचे रोध लावले की रेषा शांत होते.

मग यूएआरटी. मॉडबसच्या मानकात मुळात ईव्हन पॅरिटी आहे, पण बाजारातले कित्येक कंट्रोलर ८एन१ वर येतात. वर सांगितलेल्या खुणांवरून ठरवा. यूएआरटीची ओळ पूर्ण स्वच्छ होईपर्यंत वरचा मॉडबस डीकोडर लावूच नका. फॉरमॅट हेक्स करून डोळ्यांनी वाचा. पत्ता १ च्या उपकरणाला दोन रजिस्टरे विचारणारी फ्रेम अशी दिसते: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. शेवटचे दोन बाइट सीआरसीचे (फ्रेम बिघडली का ते पडताळणारा आकडा), त्यातला खालचा बाइट आधी. अशी फ्रेम दिसत असेल तर बस ठीक आहे आणि प्रश्न फक्त मॉडबस डीकोडरच्या पर्यायांचा उरला.

तिथे दोन गोष्टी अडवतात. पहिली चॅनेलची. मॉडबस डीकोडर धरून चालतो की सर्व्हरकडून (उत्तर देणाऱ्या उपकरणाकडून) क्लायंटकडे (विचारणाऱ्या मास्टरकडे) जाणारा डेटा आरएक्सवर आहे आणि उलट दिशेचा टीएक्सवर. दोन तारांच्या आरएस-४८५ मध्ये विनंती आणि उत्तर एकाच तारेवरून जातात. यूएआरटीत फक्त आरएक्स जोडला असेल, तर मॉडबसच्या दोन्ही दिशांसाठी आरएक्सच निवडा. मग प्रत्येक फ्रेम दोन्ही अर्थांनी वाचली जाते: विनंतीच्या ओळीत उत्तरे चुकीची दिसतील आणि उत्तराच्या ओळीत विनंत्या. ते अपेक्षित आहे; ज्या ओळीत अर्थ लागतो ती वाचा.

दुसरी गोष्ट फ्रेमांमधल्या अंतराची. मानकाप्रमाणे दोन फ्रेमांमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता हवी, ९६०० बॉडला सुमारे ४ मिलिसेकंद. १९२०० च्या वर ती सरसकट १.७५ मिलिसेकंद धरतात. डीकोडरमध्ये मुळात २८ बिट असतात, ९६०० ला सुमारे २.९ मिलिसेकंद. मास्टर संगणकावरचा प्रोग्रॅम असेल तर तो फ्रेमच्या मध्येच याहून जास्त थबकू शकतो, आणि डीकोडर एका फ्रेमच्या दोन करतो. दोन्हींचा सीआरसी चुकतो. आकडा वाढवा, पण आंधळेपणाने नाही. फार वाढवला तर विनंती आणि तिचे उत्तर एकमेकांना चिकटतात. कर्सरने फ्रेमच्या आतली सगळ्यात मोठी दरी आणि विनंती-उत्तरातली सगळ्यात छोटी दरी मोजा आणि त्यांच्या मधला आकडा बिटांमध्ये भरा.

एवढे करूनही काही दिसत नसेल तर अक्षरे : ने सुरू होतात का ते पाहा. तसे असेल तर तो मॉडबस अ‍ॅस्की आहे, आणि हा डीकोडर फक्त आरटीयू (वर पाहिलेला, अक्षरांऐवजी थेट बाइट पाठवणारा प्रकार) वाचतो.

काही दोष डीकोडरच्या बाहेरच असतात. लांबून पाहिले (झूम कमी असेल) तर डीकोडरच्या खुणा नुसत्या रंगीत पट्ट्या दिसतात, अक्षरे दिसायला जवळ जावे लागते. ऑसिलोस्कोपची सीएसव्ही किंवा कच्ची फाइल उघडताना सॅम्पल दर भरला नाही तर यूएआरटी काम करण्यास नकार देतो, कारण बिटाची लांबी त्याला ठरवताच येत नाही. अ‍ॅनालॉग चॅनेल डीकोडरच्या यादीत येत नाही. चॅनेलच्या नावावर क्लिक करून त्याचे लॉजिकमध्ये रूपांतर थ्रेशोल्डने किंवा श्मिट ट्रिगरने करा. आवाज असलेल्या सिग्नलला श्मिट ट्रिगरच बरा. तारकांकित चॅनेल भरल्याशिवाय कुठलाच डीकोडर सुरू होत नाही, आणि आयटूसीमध्ये (क्लॉक आणि डेटा अशा दोन तारांच्या दुसऱ्या पद्धतीत) क्लॉक-डेटा उलटे भरले तर तो सुरू होतो, पण वाचतो भलतेच.

तरीही अडले तर मदत मागताना स्क्रीनचा फोटो नको, एसआर फाइल द्या. सोबत जोडणीचा कागदावरचा आराखडा, शांत असताना तारांमध्ये मल्टिमीटरने मोजलेले व्होल्टेज, आणि उपकरणाच्या पाटीवरचे मॉडेल. डीकोडर खरोखरच कोसळत असेल, तर सेटिंगमधली लॉगची पातळी ५ वर न्या आणि पायथॉनने दिलेली चुकीची ओळ तशीच उतरवून द्या. बाहेरून आणलेला जुना डीकोडर असेल तर तो कुठल्या आवृत्तीसाठी लिहिला आहे ते त्याच्या पहिल्या काही ओळींत ‘एपीआय व्हर्जन’ म्हणून दिलेले असते, आणि सध्याच्या सिगरॉकला तिथे ३ लागतो.